वाचकांचे प्रश्न: ऑफिसातले टोमणे, टार्गेट होणं आणि बघत राहणारे बाकीचे

मागच्या अंकात नोकरी बदलण्याबद्दल लिहिलं होतं, त्यावर जी पत्रं आली त्यात पगाराबद्दल कमी आणि माणसांच्या वागण्याबद्दल जास्त होतं. बॉस पाणउतारा करतो, ग्रुपने वाळीत टाकलंय, सीनियर घाणेरडे जोक मारतो, तक्रार करावी तर नोकरी जाईल. म्हणून यावेळचा सगळा कॉलम याच विषयाला दिलाय. पत्रं थोडी छोटी केलीत, आणि कोणाची ओळख पटेल असं सगळं काढलंय.

प्रश्न: ताई, मी अकाउंट्सला आहे, बरीच वर्षं झाली याच कंपनीत. नवीन मॅनेजर आल्यापासून काहीतरी बिघडलंय पण नेमकं काय ते सांगता येत नाही. शिवीगाळ नाही, आरडाओरडा नाही. पण मी मीटिंगमधे बोलायला लागले की ते मोबाइल काढतात, मी बनवलेली शीट दुसऱ्याच्या नावाने पुढे जाते, महत्त्वाच्या मेलमधून माझं नाव गळतं आणि मग "अरे, हिला माहीतच नाही" असं सगळ्यांसमोर म्हणतात. आता तर मला फक्त जुन्या फाइली लावायचं काम देतात. घरी सांगितलं तर म्हणतात तू फार मनाला लावून घेतेस. मी खरंच जास्त विचार करते का?

उत्तर: नाही, तुम्ही जास्त विचार करत नाही आहात. तुम्हाला बरं वाटावं म्हणून असं लिहीत नाहीये, तुम्ही जे प्रसंग लिहिलेत ते या विषयावर काम केलेल्या लोकांच्या यादीत जवळजवळ जसेच्या तसे सापडतात. हाइन्झ लेमान नावाचे मानसशास्त्रज्ञ होते, जन्म जर्मनीतला पण काम सगळं स्वीडनमधलं. त्यांनी १९८०च्या दशकात ऑफिसातल्या या छळाचा पद्धतशीर अभ्यास सुरू केला आणि अशा वागण्याचे ४५ प्रकार नोंदवले. पुढे नॉर्वेतल्या बर्गेनच्या संशोधकांनी एक प्रश्नावली तयार केली जी आज जगभर वापरतात, तिच्यात २२ प्रश्न आहेत, आणि त्यात मारहाण धमक्या वगैरे अगदी मोजकं आहे, बाकी बहुतेक सगळं तुम्ही लिहिलंय तसंच, म्हणजे कामाला लागणारी माहिती दडवणं, कुवतीपेक्षा खालचं काम देणं, मताकडे दुर्लक्ष करणं, जुन्या चुका सारख्या उगाळणं, मुद्दाम न झेपणाऱ्या डेडलाइन देणं, पाठीमागे अफवा पसरवणं.

तुम्हाला "नेमकं काय ते सांगता येत नाही" असं वाटतंय त्याचं कारण हेच आहे की यातला एक एक प्रसंग वेगळा काढला तर तो क्षुल्लकच दिसतो. मोबाइल बघितला, त्यात काय. मेलमधे नाव राहिलं, चुकून राहिलं असेल. पण रोज तेच, त्याच माणसाच्या बाबतीत, आणि त्या माणसाला उलट बोलायची सोय नाही, हे तीन एकत्र आले की तो छळ असतो. लेमान यांनी अभ्यासासाठी आठवड्यातून किमान एकदा आणि किमान सहा महिने अशी मोजपट्टी धरली होती. पण ती संशोधनासाठी होती, तुम्ही सहा महिने थांबलंच पाहिजे असा तिचा अर्थ नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०१९ साली कामाच्या ठिकाणच्या हिंसा आणि छळाबद्दल जो करार केला, १९० नंबरचा, त्यात तर स्पष्ट लिहिलंय की एकदाच घडलेली गोष्टही यात धरायची आणि वारंवार घडणारीही.

आता काय करायचं ते. आजपासून एक वही करा, घरची, ऑफिसच्या लॅपटॉपवर नको. तारीख, वेळ, कुठे घडलं, नेमके शब्द काय होते, कोण कोण हजर होतं, आणि त्यामुळे तुमच्या कामाचं काय झालं. शेवटचं महत्त्वाचं आहे. "मला वाईट वाटलं" हे खरंच असतं पण एचआरला ते बाजूला ठेवता येतं, "मेलमधे मला ठेवलं नाही म्हणून रिपोर्टमधे जुने आकडे गेले" हे बाजूला ठेवता येत नाही. नोंद त्याच दिवशी करा, आठवड्याने आठवून लिहिलेल्या गोष्टीला तेवढं वजन राहत नाही. आणि एक सांभाळा, कंपनीचे मेल किंवा फाइली पुरावा म्हणून स्वतःच्या खासगी मेलवर पाठवत बसू नका, बऱ्याच ठिकाणी तो गोपनीयतेचा भंग धरतात आणि मग मूळ विषय राहतो बाजूला आणि तुमचीच चौकशी सुरू होते. मेलची तारीख आणि विषय वहीत लिहून ठेवला तरी पुरे, गरज पडली की तो कंपनीच्या सर्व्हरवर शोधता येतो.

दुसरं, मॅनेजरला एक साधा मेल लिहा, तक्रारीच्या सुरात नको. १२ तारखेच्या मेलमधे मी नव्हते त्यामुळे अमुक झालं, पुढच्या वेळी मला कॉपीत ठेवाल का. बस एवढंच. चुकून झालं असेल तर ते सुधारतील आणि विषय संपेल. नाही सुधारलं तर तुम्ही सांगितलं होतं याची नोंद राहते, मग कोणी "आम्हाला कधी बोलली नाही" म्हणू शकत नाही.

आणि फाइली लावायचं काम दिलंय ना, त्याची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. हा प्रकार फार शांत असतो, कोणाला दिसत नाही, आणि अप्रेझलला "वर्षभरात हिने काय केलं?" असा प्रश्न विचारून त्याचाच पुरावा केला जातो. म्हणून आधी तुमच्याकडे कोणती कामं होती, ती कधी आणि कोणाकडे गेली, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहा. एचआरकडे किंवा मॅनेजरच्या वरच्यांकडे जाल तेव्हा सुरुवात त्याच पानापासून करा.

झोप लागत नसेल, सकाळी ऑफिसच्या विचाराने पोटात गोळा येत असेल तर डॉक्टरांकडे जा आणि कारण सांगा, लपवू नका, म्हणजे औषधही नीट मिळेल आणि नोंदही होईल. घरच्यांना एखादा प्रसंग सांगण्यापेक्षा महिन्याभराने ती वही वाचायला द्या.

प्रश्न: मी टीम लीड आहे, हाताखाली बारा जण. हल्ली काही बोलायची सोय राहिली नाही. चूक दाखवली की बुलिंग, डेडलाइन दिली की मानसिक त्रास. आमच्या वेळी सीनियर फाइल तोंडावर फेकायचे आणि आम्ही त्यातूनच शिकलो. मग काम करून घ्यायचं कसं?

उत्तर: काम करून घेणं, चूक दाखवणं, डेडलाइन देणं, कमी काम केलं म्हणून कमी रेटिंग देणं, यातलं काहीही छळ नाही. ते तुमचं कामच आहे आणि ते न करणाऱ्या लीडमुळे टीमचं जास्त नुकसान होतं. टाळाटाळ करणाऱ्याला कोणी बोलतच नाही आणि त्याचं काम दुसऱ्याच्या अंगावर पडतं, हाही त्या दुसऱ्यावर अन्यायच आहे.

फरक कुठे पडतो ते बघा. "या रिपोर्टमधे तिसऱ्या पानावरचे आकडे जुळत नाहीत, उद्या दुपारपर्यंत दुरुस्त करून द्या" हे कामाबद्दल आहे. "तुला साधी बेरीज येत नाही, कोणी पास केलं तुला" हे माणसाबद्दल आहे, आणि ते बाकी अकरा जणांसमोर बोललात तर तो तमाशा आहे, फीडबॅक नाही. मग हेही बघायचं की तीच चूक तुमच्या आवडत्या माणसाने केली तर तुम्ही तेच बोलता का. आणि बोलल्यावर त्याला सुधारायचा रस्ता दिलात का, की नुसतंच झापलं. हे सगळं तपासून जर उत्तर बरोबर येत असेल तर कोणी बुलिंग म्हणालं तरी घाबरू नका, काय बोललात ते लिहून ठेवा आणि काम चालू ठेवा.

तुमच्या वेळच्या फाइल फेकण्याबद्दल मात्र मी तुमच्याशी सहमत नाही. तुम्ही शिकलात ते तुमच्या मेहनतीने शिकलात, त्या फेकलेल्या फाइलीने नाही, आणि त्याच फाइलीमुळे जे सोडून गेले ते आज तुम्हाला सांगायला इथे नाहीत. एमी एडमंडसन नावाच्या अमेरिकन संशोधिका आहेत, त्यांनी हॉस्पिटलमधल्या टीम्समधे औषधं देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास केला होता. अपेक्षा अशी होती की चांगल्या टीममधे चुका कमी सापडतील. निघालं उलटंच, ज्या टीमचं आपसात चांगलं होतं तिथे चुका जास्त नोंदवलेल्या. कारण तिथले लोक चूक झाली की सांगत होते, आणि बाकीच्या ठिकाणी भीतीपोटी लपवत होते. १९९६ साली हे प्रसिद्ध झालं आणि पुढे १९९९ साली त्यांनी टीममधल्या मानसिक सुरक्षिततेची कल्पना मांडली, म्हणजे इथे मी प्रश्न विचारला, चूक कबूल केली, तर माझा अपमान होणार नाही ही खात्री. तुमच्या टीमचा विचार करा, बारा जणांपैकी कोणी शेवटचं कधी आपणहून येऊन "सर, माझ्याकडून चूक झाली" म्हणालं? कोणीच म्हणत नसेल तर चुका होत नाहीत असं नाही, तुमच्यापर्यंत येत नाहीत.

प्रश्न: आमच्या सेक्शनमधे एका मुलाची रोज थट्टा चालते, त्याच्या बोलण्याची, कपड्यांची. तोही हसतो पण मला कळतं की त्याला लागतंय. मी काही बोललो तर मलाच टार्गेट करतील. बाकी आठ दहा जण बघत असतात, कोणीच बोलत नाही. मी काय करू?

उत्तर: तुम्ही हे पत्र लिहिलंत याचा मला फार आनंद झाला, कारण माझ्याकडे त्रास होणारे लिहितात, बघणारे जवळजवळ कधीच लिहीत नाहीत. आणि माझं स्पष्ट मत आहे की हे प्रकार थांबतात ते बघणाऱ्यांमुळे. थट्टा करणाऱ्याला प्रेक्षक लागतात.

आठ दहा जण असून कोणीच का बोलत नाही, यावर जुना अभ्यास आहे. १९६८ साली बिब लाताने आणि जॉन डार्ली या दोघांनी असं केलं की एका खोलीत माणसाला फॉर्म भरायला बसवलं आणि भिंतीतल्या फटीतून धूर सोडला. माणूस एकटा असेल तर ७५ टक्के लोकांनी उठून बाहेर जाऊन सांगितलं. पण बरोबर दोन माणसं मुद्दाम काहीच न झाल्यासारखी बसवली तेव्हा फक्त १० टक्के लोकांनी सांगितलं. डोळ्यात धूर जातोय, खोकला येतोय, तरी बसून राहिले, कारण बाकीचे बसलेत म्हणजे काही नसेल. तुमच्या सेक्शनमधे अगदी हेच चाललंय, प्रत्येक जण बाकीच्यांकडे बघून ठरवतोय की हे चालतं. त्यातले निम्मे तरी आतून तुमच्यासारखेच असतील असं मला वाटतं.

लगेच उभं राहून भांडायची गरज नाही. थट्टा सुरू झाली की विषय तोडा, त्या मुलाला कामाचं काहीतरी विचारा, "अरे ती कालची एंट्री दाखव ना" म्हणून त्याला तिथून बाजूला घ्या. हे अगदी साधं आहे पण त्या क्षणी प्रेक्षक कमी होतो. हसू नका, हे तर कोणालाही जमतं आणि लगेच जाणवतं. नंतर एकट्याने त्याला भेटून विचारा, मला ते आवडलं नाही, तुला कसं वाटलं, मी काही करू का. हे विचारणं बाकी सगळ्याच्या आधी ठेवा, कारण त्याला नको असताना तुम्ही परस्पर तक्रार केलीत तर त्याचे हाल वाढू शकतात. तो हो म्हणाला तर तुम्ही काय पाहिलंत ते तारखेसकट लिहून ठेवा, साक्षीदाराची नोंद फार उपयोगी पडते. आणि अजून एक कोणीतरी शोधा, त्या आठ दहा जणांतला ज्याचा चेहरा तुमच्यासारखाच पडतो तो. दोघांनी मिळून "बस झालं आता, रोज काय तेच" म्हणणं एकट्याने म्हणण्यापेक्षा कितीतरी सोपं असतं आणि दोघांना टार्गेट करणंही तेवढं सोपं नसतं.

प्रश्न: क्लायंटकडचा एक माणूस रात्री मेसेज करतो, फोटोवर कमेंट, कुठे भेटूया वगैरे. बॉसला सांगितलं तर म्हणाले मोठा क्लायंट आहे, जरा सांभाळून घे. मी कॉन्ट्रॅक्टवर आहे. मला तक्रार करता येते का?

उत्तर: येते. आपल्याकडे १९९७ साली सुप्रीम कोर्टाने विशाखा खटल्यात मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली आणि २०१३ साली लैंगिक छळाविरोधात कायदा झाला. त्यात कायम, कॉन्ट्रॅक्टवरच्या, ट्रेनी अशा सगळ्या महिला येतात, आणि कामानिमित्त संपर्कात येणाऱ्या बाहेरच्या माणसांपासूनही तुम्हाला सुरक्षित ठेवणं ही मालकाची जबाबदारी आहे असं कायद्यात लिहिलेलं आहे. म्हणजे तुमच्या बॉसचं "सांभाळून घे" हे उत्तर चालणारं नाही.

दहा किंवा जास्त माणसं असतील तर कंपनीत अंतर्गत समिती असलीच पाहिजे, तिची अध्यक्ष सीनियर महिला, निम्म्या तरी सदस्य महिला आणि एक सदस्य बाहेरचा. दहापेक्षा कमी असतील किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्धच असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. तक्रार लेखी, शेवटच्या प्रसंगापासून तीन महिन्यांच्या आत, सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. चौकशी ९० दिवसात संपवायची असते आणि चालू असताना तुम्ही बदली किंवा रजा मागू शकता. नाव गुप्त ठेवणं बंधनकारक आहे. आणि सगळ्यांना जी भीती असते त्याबद्दल, फक्त सिद्ध करता आलं नाही म्हणून तुमच्यावर कारवाई होऊ शकत नाही, जाणूनबुजून खोटी तक्रार केली हे वेगळं सिद्ध व्हावं लागतं.

मेसेज डिलीट करू नका, कितीही किळस आली तरी. नंबर, तारीख, वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट घ्या. त्याला एकदाच लिहा की कामाव्यतिरिक्त मेसेज करू नका, आणि मग उत्तर देणं बंद. बॉसला जे तोंडी सांगितलंत तेच आता मेलवर सांगा.

(एका पुरुष वाचकानेही असंच पत्र पाठवलंय. हा कायदा महिलांसाठी आहे, पण बऱ्याच कंपन्यांची स्वतःची पॉलिसी सगळ्यांना लागू असते, ती आधी मागून घ्या आणि तक्रार त्याखाली लेखी करा. पुरुष असून कसं सांगायचं असं लिहिलंय तुम्ही, त्रास झालाय ना, मग सांगायचं.)

प्रश्न: आमची छोटी फर्म आहे, एचआर वगैरे नाही. आम्हाला वातावरण चांगलं ठेवायचंय. पॉलिसी कुठून डाउनलोड करू?

उत्तर: डाउनलोड केलेली पॉलिसी कोणी वाचत नाही, त्यापेक्षा एक पान स्वतः लिहा, तुमच्या लोकांना कळेल अशा भाषेत. काय चालणार नाही, त्रास झाला तर कोणाला सांगायचं, किती दिवसात उत्तर मिळेल. सांगायला माणसं दोन ठेवा, कारण त्यातल्या एकाबद्दलच तक्रार असू शकते, आणि तुमच्याबद्दल असेल तर ती कोणाकडे जाईल हेही त्याच पानावर लिहा. मालकाने स्वतःबद्दलची तक्रार कुठे करायची ते लिहिलं की बाकी सगळ्यावर लोकांचा विश्वास बसतो. दहा माणसं झाली असतील तर वर सांगितलेली समिती नेमणं तुम्हाला टाळता येणार नाही.

खरी परीक्षा पुढे असते. एक दिवस तुमच्या सगळ्यात जास्त धंदा आणणाऱ्या माणसाबद्दल तक्रार येईल. त्या दिवशी "तो तसा आहे पण कामाचा आहे" असं म्हणालात तर ते पान फाडून टाकलंत तरी चालेल, कारण स्टाफला कळलेलं असतं की इथे किती धंदा आणला की काय माफ आहे. त्याच्यामुळे कोण कोण सोडून गेलं, त्यांच्या जागी माणसं शोधून शिकवायला किती महिने गेले, हे एकदा कागदावर मांडा, मग तो किती कामाचा आहे ते परत ठरवा. आणि तक्रार मिटल्यानंतर विसरू नका, तीन महिन्यांनी आणि वर्षाने बघा की तक्रार करणाऱ्याला कामं तशीच मिळतायत का, पगारवाढ झाली का, जेवायला त्याच्याबरोबर कोणी बसतं का. सूड बहुतेक वेळा असाच हळूहळू घेतला जातो, सगळं शांत झाल्यावर.

प्रश्न: माझ्यावरच तक्रार झालीये. ज्युनिअर मुलगी म्हणते मी तिला सगळ्यांसमोर अपमानास्पद बोलतो. मला धक्का बसलाय, मी फक्त गंमत करायचो. तिच्याशी एकदा मोकळेपणाने बोलून गैरसमज दूर करू का?

उत्तर: नका करू, आत्ता तर अजिबात नको. तुमचा हेतू चांगला असेल, पण तुम्ही सीनियर आहात, तिने तक्रार केलीये आणि तुम्ही तिला एकटीला गाठून बोलताय हे तिला दबावच वाटणार आणि चौकशी करणाऱ्यांनाही तसंच दिसणार. तिच्या मैत्रिणींमार्फत निरोपही नको, टीममधे कोण माझ्या बाजूचं हे चाचपणंही नको. तक्रारीत नेमकं काय म्हटलंय ते लेखी मागा, तो तुमचा हक्क आहे, आणि प्रत्येक प्रसंगाबद्दल तुम्हाला जे आठवतं ते खरं खरं लिहा. जिथे बोललात तिथे बोललो म्हणा. "गंमत होती" हे उत्तर एकदा स्वतःला विचारून बघा, ती गंमत तुम्ही तुमच्या बॉसबरोबर केली असतीत का. नसाल करणार, तर तिला ती तशी का वाटली नाही हे तुम्हाला कळेल, आणि मग चौकशी समितीसमोर तुम्ही जे बोलाल ते वेगळं असेल. माफी मागावीशी वाटली तर तेही समितीलाच सांगा, कधी आणि कशी मागायची ते समितीच ठरवेल, तिला व्हॉट्सअॅपवर सॉरीसुद्धा पाठवू नका.